बाळंतविड्याचा परदेशप्रवास

चिंचवड, आकुर्डी, निगडी या भागांतील आमच्या परिचयाच्या घरांत असे घर आता विरळाच, की ज्यातील एक तरी मूल समुद्रापलीकडे संसार थाटून बसलेले नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला; त्यामागून मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले आणि कोकणातून, देशावरून, वऱ्हाडातून माणसे पोटासाठी या गावांत येऊन राहिली. त्यांच्या मुलानातवंडांनी येथेच यंत्रशास्त्र शिकून आता जर्मनीची व अमेरिकेची वाट धरली आहे. उलट दिशेनेही वर्दळ कमी नाही. ज्या चाकणचे नाव आम्ही वर्गात फिरंगोजी नरसाळ्याच्या १६६० मधील झुंजीसाठी घेत होतो, आणि व्यवहारात ज्याची ख्याती कांद्याच्या बाजारासाठी होती, तेथे २००९ पासून फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांच्या मोटारी तयार होतात. त्या निमित्ताने तिकडील अभियंते दोन-तीन वर्षांकरिता इकडे येऊन राहतात. अशा रीतीने दोन्हीकडची माणसे परस्परांच्या देशी परकी होऊन बसली आहेत, आणि दोन्हीकडच्या आया घरून काही ना काही धाडीत असतात. ते पोहोचते किंवा कसे, हाच आजच्या लेखाचा विषय होय.

आमचे चिरंजीव स्टुटगार्टजवळच्या एका लहानशा शहरी नोकरीस आहेत. २०२५ च्या श्रावणात सूनबाई प्रसूत व्हावयाच्या होत्या. आपल्याकडील रीतीप्रमाणे त्यांस बाळंतविडा पाठविणे हे घरच्या वडील मंडळींचे कर्तव्य. तो आमच्या वडील भगिनींनी, ज्यांस सारे घर अक्का म्हणते, आपण होऊन अंगावर घेतला. अक्कांचे वय एक्याऐंशी. एका डोळ्याने काम सोडलेले आणि दुसऱ्याचाही पुरता भरवसा नाही. तरी त्यांनी आमच्या मातोश्रींचे एक नऊवारी लुगडे ट्रंकेतून काढले, जे धुवून धुवून लोण्यासारखे मऊ झाले होते, आणि त्याचे दुपटे शिवावयास घेतले. वरचा पदर लुगड्याचा, आतले थर आमच्या वडिलांच्या जुन्या धोतरांचे, आणि चारी बाजूंस त्याच लुगड्याचा गर्भरेशमी काठ. सुईत दोरा ओवून देण्याचे काम आमच्याकडे होते. दोन महिने ते काम चालले. हे आपल्या हातचे शेवटचे दुपटे, असे अक्कांनी एकदाच, तेही दोरा तोडता तोडता, बोलून दाखविले. आम्ही त्यावर काही उत्तर दिले नाही.

दुपट्याबरोबर कुंची, दोन टोपडी, चार झबली असा जथा जमला. डिंकाचे लाडूही जावे अशी आमच्या कुटुंबाची फार इच्छा होती, परंतु दुधातुपाचे व मांसाचे पदार्थ बाहेरील देशांतून खासगी टपालाने आत येऊ देण्यास युरोपीय संघाची मनाई आहे, असे चिरंजीवांनी आधीच कळविले होते. खोक्यावर अक्कांनी मांजरपाटाची खोळ स्वतः शिवली. हल्ली कोणी खोळ शिवीत नाही, चिकटपट्टी मारतात. पण ज्या पिढीने लाखेच्या मोहोरा पाहिल्या, तिला चिकटपट्टीचा विश्वास वाटत नाही.

टपालकचेरीतील खिडकीवर आम्हांस एक पत्रक भरावयास दिले. आत काय आहे, वजन किती, भेट आहे की विक्रीचा माल, आणि किंमत काय. जर्मनीत खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीस धाडलेल्या भेटीवर ४५ युरोपर्यंत जकात नाही; तेव्हा आम्ही विचार करून दुपट्यापुढे पाचशे रुपये लिहिले. हे घरी कळल्यावर अक्का म्हणाल्या, “आईच्या लुगड्याची किंमत पाचशे कोणी ठरविली?” पत्रकाच्या तळाशी आणखी एक प्रश्न होता, आणि तो आम्ही घाईत सोडून देणार होतो. पोहोचविता न आल्यास माल प्रेषकाकडे परत करावा, की टाकून दिला असे समजावे? खिडकीवरील तरुणाने बोट ठेवून दाखविले, म्हणून आम्ही परत करण्याच्या चौकोनात खूण केली. त्यातही परतीचा स्वस्त मार्ग पत्करला. त्या तरुणाचे आम्ही आजन्म ऋणी आहो.

परदेशी जाणाऱ्या नोंदणीकृत टपालास तेरा चिन्हांचा एक क्रमांक मिळतो: आरंभी दोन अक्षरे, मध्ये नऊ आकडे, शेवटी पाठविणाऱ्या देशाची दोन अक्षरे. हा क्रमांक आम्ही कागदावर लिहून त्याचे छायाचित्र चिरंजीवांस धाडले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला की असा क्रमांक अस्तित्वातच नाही. आमच्या पोटात गोळा उठला. पुढे कळले ते असे. आम्ही जन्मभर आकडे मराठीत लिहिले. घाईत वाचणाऱ्याला मराठी एक हा इंग्रजी नऊ भासतो. चिरंजीव मराठी वाचणारे खरे, पण आजूबाजूस इंग्रजी अक्षरे पाहून त्यांनी तो आकडा इंग्रजी समजून वाचला.

येथे वाचकांस एक उपयोगी गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते. त्या नऊ आकड्यांतील शेवटचा आकडा पहिल्या आठांचा पहारेकरी असतो. पहिल्या आठ आकड्यांस अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी, तिला ११ ने भागावे आणि बाकी ११ मधून वजा करावी. येईल तो नववा आकडा. (वजाबाकी १० आल्यास शून्य धरावे, ११ आल्यास ५.) उदाहरणार्थ पहिले आठ आकडे १२३४५६७८ असतील, तर बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा आकडा ५. याप्रमाणे हिशेब करून पाहिला, तेव्हा चिरंजीवांनी वाचलेला क्रमांक अशुद्ध व आमचा शुद्ध ठरला. छंदात एक मात्रा चुकली की वृत्तभंग कानाला टोचतो, तसाच हा प्रकार. ज्या कोणी ही युक्ती काढली, त्याचे आम्हांस कौतुक वाटते.

क्रमांक जुळला, आणि मग पुडक्याचा प्रवास आम्ही घरबसल्या पाहू लागलो. मुंबई सुटली. फ्रँकफुर्टच्या विमानतळावरील टपालकेंद्र आले. जकातीतून सुटका झाली. त्यानंतर अकरा दिवस काहीच नाही. बाराव्या दिवशी एक ओळ उमटली: दिलेल्या पत्त्यावर अशी असामी आढळली नाही.

आता सूनबाई त्या वेळी आठव्या महिन्यात, रजेवर, रात्रंदिवस घरात. त्या म्हणाल्या, “मी खिडकीशीच बसलेली असते, कोणी आलेच नाही.” चिरंजीवांनी तिकडे चौकशी केली, तर उत्तर मिळाले की परदेशातून आलेल्या टपालाची तक्रार पाठविणाऱ्याने आपल्या देशात करावी. आम्ही येथील खिडकीवर गेलो, तर सांगण्यात आले की माल आमच्या हातून निघून गेला आहे, आता तिकडचे बोलतील ते खरे. आम्ही अर्ज भरला, त्याची पोच घेतली, दोन वेळा स्मरणपत्र दिले. पोच अद्याप आमच्या पाकिटात आहे.

या टोलवाटोलवीचे मूळ तसे उदात्त आहे. १८७४ च्या ऑक्टोबरात बर्न येथे बावीस राष्ट्रांनी एकत्र येऊन टपालाचा करार केला. त्यामागे हाइनरिश फॉन स्टेफान या जर्मन टपालप्रमुखाची खटपट होती. १ जुलै १८७६ रोजी हिंदुस्थान त्या संघात दाखल झाला. सर्व जग टपालापुरते एकच मुलूख समजावे, एकाचे टपाल दुसऱ्याने आपले मानून पोहोचवावे, असा तो विचार. पण आपले मानणे आणि आपले असणे यांत अंतर राहतेच, हे ज्यांनी दत्तकाची प्रकरणे जवळून पाहिली आहेत त्यांस सांगावयास नको.

श्रावणात चिरंजीवांस कन्यारत्न झाले. अक्कांनी पहिल्याच दिवशी विचारले, “दुपटे पोहोचले ना?”

आम्ही, ज्यांनी वर्गात खोटे बोलणाऱ्या मुलांस बाकावर उभे केले, “पोहोचले” म्हणून सांगून मोकळे झालो. तेवढ्यावर निभावले असते तर बरे. चार दिवसांनी अक्कांनी मुलीला त्या दुपट्यात पाहावयाची इच्छा दर्शविली. सूनबाईंनी तिकडील दुकानातून आणलेल्या पांघरुणात मुलीस गुंडाळून समोर धरले. अक्कांनी दूरध्वनीचा पडदा नाकाशी नेला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “काठ दिसत नाही.” आम्ही सांगितले की काठ आतल्या अंगास गेला आहे. “असेल,” असे म्हणून त्यांनी यंत्र परत केले. त्या दिवसापासून त्यांनी दुपट्याचा विषय काढला नाही, आणि त्यांनी तो न काढणे आम्हांस विचारण्याहून अधिक जाचू लागले.

भाद्रपदात गणपतीच्या दर्शनास आमच्या वरच्या मजल्यावरील जर्मन गृहस्थ आले. चाकणच्या एका कारखान्यात ते यंत्रजुळणीवर देखरेख करतात. मोदक खाता खाता गोष्टीतून गोष्ट निघाली, तेव्हा त्यांनी आम्ही पुडक्यावर लिहिलेला पत्ता पाहावयास मागितला. आम्ही तो अगदी सविस्तर लिहिला होता: चिरंजीवांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, सदनिका क्रमांक ३, दुसरा मजला, रस्ता, घरक्रमांक, गाव, आणि पलीकडे दवाखाना आहे म्हणून त्याचाही उल्लेख. गृहस्थ हसले नाहीत, हा त्यांचा सभ्यपणा. त्यांनी एवढेच विचारले, “घंटेवर नाव कोणाचे आहे?”

आम्हांस प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावून दिले. त्यांच्या देशात घराला क्रमांक असतो, पण घरातील बिऱ्हाडांस सहसा नसतो. खाली दाराशी घंटांची एक पाटी आणि पत्रपेट्यांची एक रांग. प्रत्येकीवर फक्त आडनाव. टपालवाला पत्त्यावरील आडनाव व पेटीवरील आडनाव ताडून पाहतो. जुळले तर टाकतो, न जुळले तर परत नेतो. तो वर येत नाही, शेजाऱ्यास विचारीत बसत नाही. मजला, सदनिका, दवाखाना यांतील काहीही त्यास नको असते.

लगोलग चिरंजीवांस विचारले. ते व सूनबाई मे महिन्यात या नव्या घरी राहावयास आली होती. नावाची पाटी घराच्या व्यवस्थापकांनी करून लावावयाची, तशी तेथील रीत. ती त्यांनी मागितली होती आणि व्यवस्थापक सवडीने करीत होते. तोवर पेटीवर मागील भाडेकऱ्याचेच आडनाव झळकत होते. स्वतः कागदाचा तुकडा चिकटवावा, तर घराच्या नियमांत चिकटविण्यास मनाई. चिरंजीव लहानपणापासून नियमाचे पक्के. याचा दोष कोणास द्यावा, तर आम्हांसच. बँकेचे एक पत्र तीन महिने आले नव्हते, त्याचा उलगडाही तेव्हाच झाला. परक्या मुलखात राहणाऱ्यास खरा त्रास होतो तो मोठ्या संकटांचा नव्हे. संकट आले तर माणसे धावून येतात. त्रास होतो तो अशा गोष्टींचा, ज्या तेथील लोकांस इतक्या उघड वाटतात की त्या सांगावयाचे कोणाच्या मनातच येत नाही.

त्या रात्री आमच्या मनात मेघदूत घोळत राहिले. यक्षाने मेघास दिलेला पत्ता आठवून पाहावा. अलकानगरीत कुबेराच्या प्रासादाच्या उत्तरेस माझे घर. इंद्रधनुष्यासारख्या तोरणाने ते दुरूनच ओळखू येईल. जवळ लहानसा मंदारवृक्ष आहे, पाचूच्या पायऱ्यांची वापी आहे, आणि दाराच्या दोन बाजूंस शंख व पद्म रेखाटलेले आहेत. घरक्रमांक नाही, आडनाव तर नाहीच. म्हणजे देवळाच्या मागे, पिंपळाजवळ, निळ्या फाटकासमोर, असे जे आपण लिहितो ती परंपरा कालिदासापासूनची. हा पत्ता ज्याला वाटेत थांबून पाहता येते, विचारता येते, त्याच्यासाठी आहे. मेघ तसा होता. आपला पोस्टमनही बव्हंशी तसाच आहे. नाव अर्धवट असले तरी “ते मास्तर ना, मागल्या जिन्याने” म्हणून पत्र आणून देतो. जर्मन पत्ता हा न विचारणाऱ्यासाठी लिहिलेला पत्ता आहे. व्याकरणच निराळे. आम्ही एका भाषेचे प्रत्यय दुसऱ्या भाषेस लावीत होतो, आणि वाक्य लागत नाही म्हणून तिकडच्या लोकांस बोल लावीत होतो.

योगायोग असा की आपल्या पत्त्यास आकड्यांची शिस्त ज्यांनी लावली, तेही संस्कृताचेच उपासक. दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी आणि नाटककार. १९९६ साली राष्ट्रपतींकडून त्यांचा संस्कृतसेवेबद्दल गौरव झाला. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली सहा आकड्यांची पिन-पद्धती ही त्यांची कल्पना. एकाच नावाची गावे अनेक, लिप्या अनेक, वाचणाऱ्यांचे घोटाळे अनेक; त्यांवर त्यांनी हा तोडगा काढला. पहिला आकडा विभागाचा. आपल्या महाराष्ट्रास ४ येतो. चिंचवडगाव ४११०३३, चाकण ४१०५०१. पण पिन टपालकचेरीपर्यंत नेतो. तेथून दारापर्यंत यक्षाचेच राज्य आहे.

हे आमच्या जर्मन शेजाऱ्यांस अनुभवाने ठाऊक होते. ते येथे आले तेव्हा त्यांनी आपले आडनाव सुरेख अक्षरांत लिहून खालच्या पत्रपेटीस लावले आणि निश्चिंत झाले. कोणी त्या पेटीकडे ढुंकून पाहिले नाही. सामान आणणारी मुले फोन करीत, आणि हिंदीत विचारीत की आपण नेमके कोठे आहा. “पत्ता पुडक्यावर लिहिलेला असताना मला फोन का करतात?” असा त्यांचा पहिल्या वर्षीचा प्रश्न होता. दुसऱ्या वर्षी ते स्वतःच फोन उचलून “मंदिर के पीछे” म्हणू लागले. चाकणच्या रस्त्यावरील वाहनांच्या कोंडीविषयी त्यांनी काही बोलणेच सोडून दिले आहे. रोज निघण्याची व पोहोचण्याची वेळ मात्र वहीत टिपून ठेवतात.

२०२४ च्या नाताळास त्यांच्या मातोश्रींनी त्यांस घरचा केक धाडला होता. आपल्या सरकारने २०१९ साली असा नियम केला की परदेशातून टपालाने भेट म्हणून जकातमाफीने काही आणता येणार नाही. अपवाद केवळ जीवरक्षक औषधे आणि राखी यांचा. राखीबरोबर येणारी ओवाळणीची भेट मात्र त्यातून वगळलेली. परदेशी व्यापाऱ्यांनी भेटीच्या नावाखाली माल खपवू नये, हा नियमाचा हेतू, आणि तो वावगा नाही. पण एका म्हातारीने मुलास धाडलेला केक त्यात सापडला. कागदपत्रे, जकात, पुन्हा कागदपत्रे असे होत होत तो संक्रांतीच्या सुमारास चिंचवडास पोहोचला. सुदैवाने तो केक सुक्या मेव्याचा, आठवडेच्या आठवडे टिकणारा. आम्ही त्यांस तिळगूळ दिला, त्यांनी आम्हांस केक दिला. अंडे असल्याकारणाने आमच्या कुटुंबाने तो हाती घेऊन वास तेवढा घेतला.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टात, टपालकचेरीच्या त्या खिडकीवर आमच्यासारख्यांची दाटी झाली. आठशे डॉलरपर्यंतच्या पुडक्यांस अमेरिकेत जी जकातमाफी होती, ती तेथील सरकारने २९ ऑगस्टपासून काढून घेतली. जकात कोणी व कशी वसूल करावयाची, हे कोणासच स्पष्ट नव्हते, आणि विमान कंपन्या टपाल उचलीनात. म्हणून आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेस जाणाऱ्या पुडक्यांची नोंदणी थांबविली. पुढे पत्रे व लहान भेटीही बंद झाल्या. ती पूर्ववत सुरू झाली १५ ऑक्टोबरास, तेव्हा लक्ष्मीपूजनास आठवडाही उरला नव्हता. आमच्या इमारतीत तीन घरी अनारसे व चकल्या डब्यांत भरून ठेवलेल्या होत्या. खासगी कुरियरने दुप्पट-तिप्पट खर्च करून दोघांनी धाडल्या. तिसऱ्या घरी त्या इमारतीतील मुलांनी खाल्ल्या. इतर ठिकाणीही टपालाचे दिवस फिरले आहेत. डेन्मार्कात १६२४ पासून चालत आलेली सरकारी पत्रवाटप २०२५ च्या डिसेंबरअखेर बंद झाली. आता तेथे ते काम खासगी कंपनीकडे गेले आहे.

अशा दिवसांत आनंदीबाई जोशी यांची आठवण आम्हांस वारंवार होई. त्यांचे यजमान गोपाळराव टपालखात्यातील कारकून, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. गोपाळरावांनी १८८० साली एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील मासिकात छापून आले. ते न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याच्या दिवाणखान्यात वाट पाहत असता वाचले, आणि त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाईंची प्रकृती ढासळते आहे असे कळताच या बाईंनी, ज्यांनी त्यांस कधी पाहिलेही नव्हते, अमेरिकेहून औषधे धाडली. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कास उतरल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत, नऊवारीत, शाकाहार सांभाळून त्यांनी तीन वर्षे काढली आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांस वैद्यकाची पदवी मिळाली. इकडे प्रकृतीने मात्र साथ सोडली. स्वदेशी परतून काही महिने होतात न होतात तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास त्यांचे निधन झाले. त्या काळी पत्र जाऊन त्याचे उत्तर येईतो ऋतू पालटे. रागाने लिहिलेले पत्र पोहोचेपर्यंत लिहिणाऱ्याचा राग ओसरलेला असे, आणि वाचणाऱ्याचा तेव्हा कोठे सुरू होई. आम्हांस तसे काही सोसावे लागत नाही. नात रोज संध्याकाळी समोर दिसते, तिचे रडणे ऐकू येते. तरीही एक हातभर कापड तिच्या अंगाखाली घालता आले नाही, आणि ते कोठे आहे हे सांगणारी ओळ दिवसातून दहा वेळा पाहिली तरी तीच राहिली.

मार्गशीर्षातील दुसरा गुरुवार, ४ डिसेंबर. मोरया गोसावींच्या समाधी-उत्सवाचे दिवस जवळ आले होते. आम्ही त्या निमित्ताने देवळाकडे गेलो होतो. कुटुंब पूजेच्या साहित्यासाठी बाजारात. घरी अक्का एकट्या. पोस्टमन आला आणि त्याने एक खोके त्यांच्या हाती दिले.

आम्ही परतलो तेव्हा ते त्यांच्या मांडीवर होते. मांजरपाट काळवंडला होता, एका कोपऱ्यास फाटला होता, पण शिवण शाबूत. वर एक चिठ्ठी डकविलेली. टपालसंघाची भाषा फ्रेंच असल्याने कारणांची यादी फ्रेंचमध्ये, आणि “अज्ञात” या अर्थाच्या शब्दासमोर खूण. स्वस्त मार्गाने परत येण्यास त्यास जवळजवळ पाच महिने लागले होते. अक्कांना ती चिठ्ठी वाचता आली नसती, आणि वाचण्याची गरजही नव्हती. त्या शिवणीवरून बोटे फिरवीत होत्या. स्वतःचा टाका त्यांनी ओळखला होता.

आम्ही काही बोलण्याच्या आधीच त्या म्हणाल्या, “काठ दिसला नाही तेव्हाच कळले होते. तू लहानपणीही खोटे बोललास की उजवा कान धरायचास.” आमचा हात खरोखरच कानाशी होता. मग त्यांनी विचारले, “आता तिकडे पाटी लागली का?” म्हणजे जर्मन गृहस्थांशी झालेले ते सारे संभाषण त्यांनी आतल्या खोलीतून ऐकले होते, आणि तीन महिने मनात ठेवले होते.

पाटी सप्टेंबरातच लागली होती. नवा पत्ता जर्मन गृहस्थांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला: नाव, पाटीवर आहे तसेच आडनाव, रस्ता, घरक्रमांक, पाच आकडी टपालक्रमांक, गाव. अवघ्या चार ओळी. आम्हांस तो फारच उघडाबोडका वाटला. त्यांच्या हातचा एकाचा आकडा आपल्याला साताचा भासतो, म्हणून तेवढा आम्ही खोडून सरळ रेघेचा केला. त्यावर त्यांनी तो पुन्हा आपल्या पद्धतीने केला. कपड्यांपैकी टोपडी व झबली आता मुलीस लहान झाली असती, ती काढून घेतली. किंमतीच्या रकान्यात अक्कांच्या संमतीने हजार रुपये लिहिले. मांजरपाट नवा, टाके पुन्हा अक्कांचेच, मात्र या वेळी पूर्वीपेक्षा विरळ. ८ डिसेंबरास ते निघाले.

भोगीच्या दिवशी चिरंजीवांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी संक्रांतीस त्यांनी मुलीचे बोरन्हाण केले. तिकडे बोरे कोठून मिळणार, तर बेदाणे आणि चुरमुरे घेतले. पाटावर आमच्या मातोश्रींचे लुगडे अंथरले होते आणि त्यावर मुलगी मूठ तोंडात घालून बसविलेली होती. अक्कांनी पडदा नाकाशी नेला. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “खालच्या कोपऱ्यात काठ उसवला आहे. सूनबाईंना म्हणावे, आजच दोन टाके घाल, नाहीतर तो पुढे जाईल.”